‘द आयगर सँक्शन’: हेरकथा सैल, दोर पक्का

हा 1975 सालचा चित्रपट आहे. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड, नायकही तोच. ट्रेव्हेनियन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या 1972 सालच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. हेरपटांचे चाहते म्हणतात, कथानक ढिसाळ आहे, पहिला तास रटाळ आहे. कडे चढणारी मंडळी म्हणतात, असा चित्रपट पुन्हा झाला नाही. दोघांचंही बरोबर आहे. फक्त दुसऱ्यांचं जास्त बरोबर आहे, आणि ते का, हे दोर हाताळणाऱ्याच्या नजरेतून सांगायला हवं.

कथा थोडक्यात अशी. जोनाथन हेमलॉक हा कलेतिहासाचा प्राध्यापक. पूर्वी एका गुप्त संस्थेसाठी माणसं मारायचा, त्या पैशातून त्याने उत्तमोत्तम चित्रं जमवली. संस्थेचा प्रमुख ड्रॅगन त्याला पुन्हा दोन कामं देतो. पहिलं झ्युरिकमध्ये उरकतं. दुसरं सावज स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर चढायला निघालेल्या तुकडीत आहे. तो कोण हे ठाऊक नाही, एवढंच कळलंय की तो लंगडतो. हेमलॉकने तुकडीत सामील व्हायचं आणि त्याला हुडकून संपवायचं.

आता यातली मेख बघा. ज्याला मारायचं तो माणूस तुमच्याच दोराला बांधलेला आहे. चढाईत पुढचा सरकतो तेव्हा मागचा अँकरला, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधाराला, बांधून घेऊन त्याला बिले देत असतो, म्हणजे त्याचा दोर सांभाळत असतो. पुढचा पडला तर धक्का मागच्यावर येतो. अँकर कच्चा असेल तर दोघंही जातात. म्हणजे शत्रूला ढकलून देण्याआधी स्वतःला त्याच्यापासून सोडवावं लागतं, आणि स्वतःला सोडवलं की आयगरसारख्या कड्यावर आपलीही धडगत नाही. शंका आणि दोर एकत्र आले की केवढा ताण तयार होतो! चित्रपटाने ही संधी अर्धीच वापरली आहे. कड्यावर संशयाचे प्रसंग फार थोडे आहेत. कोण कोणाला बिले देतोय, कोणाच्या हाती दोर द्यायचा, या प्रश्नांवर पटकथा रेंगाळायला हवी होती. ती रेंगाळते कुठे, तर झ्युरिकमध्ये, विमानात आणि ड्रॅगनच्या लाल अंधाराच्या खोलीत.

पण दृश्यं जेव्हा खडकावर येतात, तेव्हा तक्रार मागे पडते. ईस्टवूडने कडा स्टुडिओत उभारला नाही. माइक हूवर या गिर्यारोहक छायाचित्रकाराकडून त्याने चढाई शिकून घेतली आणि बरीचशी आरोहणं स्वतः केली. 1974 च्या उन्हाळ्यात चित्रीकरण प्रत्यक्ष आयगरवर झालं. हॅमिश मॅकिनेस, डूगल हॅस्टन यांच्यासारखे नावाजलेले आरोहक पथकात होते. त्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश आरोहक ठार झाला, हूवरलाही दुखापत झाली. चित्रपट बघताना हे माहीत असावं, कारण पडद्यावर सुटणारे दगड बघताना त्यामागे एका माणसाचा जीव गेला आहे.

आयगरबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर कड्याचा आवाका कळत नाही. शिखराची उंची 3967 मीटर. 1858 मध्ये चार्ल्स बॅरिंग्टन दोन स्थानिक वाटाड्यांसह वर पोचला, पण सोप्या बाजूने. उत्तर कडा साधारण 1800 मीटरचा. आपल्याकडच्या मापाने सांगायचं तर साल्हेर समुद्रसपाटीपासून 1567 मीटर आहे. म्हणजे समुद्रापासून साल्हेरच्या माथ्यापर्यंतची सगळी उंची एका सलग भिंतीत उभी करा, वर आणखी सव्वादोनशे मीटर चढवा. त्यात बर्फाची शेतं, ओले भेगाळलेले चुनखडीचे थर आणि कडेवरून सतत घरंगळणारे दगड. उत्तर कड्यावर आजवर साठाहून अधिक आरोहक मेले आहेत.

दगड का सुटतात, तेही समजून घ्या. चुनखडीच्या भेगांत पाणी शिरतं, गोठतं, भेग रुंदावतं. रात्री तो बर्फच दगडाला धरून ठेवतो. दिवस तापला की पकड सुटते आणि दगड खाली येतो. म्हणून बर्फाची शेतं पहाटे ओलांडायची, आणि म्हणूनच आजकाल बरेच आरोहक उन्हाळा टाळून थंडीत किंवा वसंताच्या सुरुवातीला हा कडा चढतात. चित्रपटात फॉन हा उबदार वारा सुटतो, बर्फ वितळतं, मग तेच पाणी गोठून कातळावर काचेसारखा थर बसतो. हे अगदी खरं आहे. असा थर बसला की पकड असूनही धरता येत नाही, आणि आल्या वाटेने परतणंही अवघड होतं.

1936 मध्ये नेमकं हेच झालं. आंद्रेआस हिंटरश्टॉयसर, टोनी कुर्ट्स, विली आंगेरर आणि एडी राइनर हे चौघं गुळगुळीत पट्ट्यावरून आडवे सरकले. हिंटरश्टॉयसरने तो ट्रॅव्हर्स साधला, सगळे पलीकडे गेले आणि दोर काढून घेतला. पुढे आंगेरर दगडाने जखमी झाला, माघार घ्यावी लागली, तर त्या बर्फाळलेल्या पट्ट्यावरून उलट येणं जमेना. सरळ खाली उतरताना तिघं मेले. कुर्ट्स एकटा दोरावर लटकत राहिला. आयगरच्या पोटातून जाणाऱ्या युंगफ्राऊ रेल्वेच्या बोगद्याच्या खिडकीतून वाटाडे बाहेर आले, त्याच्या अगदी खाली पोचले. त्यांचा दोर अपुरा पडला म्हणून दोन दोर गाठ मारून जोडले. ती गाठ कुर्ट्सच्या कॅरॅबिनरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या कडीतून, पुढे जाईना. हात गोठलेले, ताकद संपलेली. तो तिथेच मेला. कडा पहिल्यांदा सर झाला तो 1938 च्या जुलैत: हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक.

चित्रपटातला शेवटचा मोठा प्रसंग त्याच बोगद्याच्या खिडकीजवळचा आहे, आणि कुर्ट्सची गोष्ट माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो दुप्पट हादरवतो. हेमलॉक दोरावर लटकलेला, खाली सरळ खोल दरी. जॉर्ज केनेडीने उभा केलेला हेमलॉकचा जुना मित्र बेन बोमन मदतीला खिडकीतून बाहेर आलेला. दुसरा दोर फेकला जातो. हेमलॉकला पहिला दोर स्वतः कापावा लागतो. शेवट इथे सांगत नाही. पण या प्रसंगात तीन गोष्टी बघा.

ताणलेला नायलॉनचा दोर सुरीच्या नुसत्या स्पर्शाने तुटतो. सैल दोरावर मात्र सुरी करवतीसारखी फिरवावी लागते. म्हणून बचावकार्यात सुरी हातात घेण्याआधी कोणता दोर भार पेलतोय हे हाताने चाचपून बघायचं, डोळ्यांवर विसंबायचं नाही. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी नवा दोर हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना) अडकवायचा, त्यातला ढिलावा वरच्या माणसाकडून पूर्ण खेचून घ्यायचा, अंगाचा भार त्यावर आला की मगच जुना कापायचा. मधे मीटरभर ढिलावा राहिला तर तेवढं पडणं होतं आणि अँकरला झटका बसतो. तिसरी गोष्ट झोक्याची. नवा दोर जर बाजूला बांधलेला असेल, तर कापल्याबरोबर माणूस लंबकासारखा भिंतीवर आदळतो. पाय पुढे, गुडघे वाकलेले, डोकं वाचवायचं. दिग्दर्शकाने यातलं बहुतेक बरोबर दाखवलंय, आणि बरोबर दाखवलंय म्हणूनच पोटात गोळा येतो.

चित्रपटात न आलेली एक गोष्ट शिकाऊ मंडळींना जरूर सांगावी. हार्नेसमध्ये नुसतं निश्चल लटकून राहणं स्वतःच धोक्याचं आहे. पायात रक्त साचतं आणि शुद्ध हरपू शकते, कधी कधी अर्ध्या तासाच्या आत. दोराला प्रूसिक गाठ (बारीक दोरीची, भार आला की आवळणारी गाठ) मारून तिला स्लिंग (पट्टीचा फास) लावायची, त्यात पाऊल घालून अधूनमधून उभं राहायचं. कुर्ट्ससारखी अडकलेली गाठही याच प्रूसिकने ओलांडता येते. गाठीच्या वर थांबायचं, प्रूसिक बांधून भार तिच्यावर घ्यायचा, उतरण्याचं साधन काढून गाठीच्या खाली पुन्हा जोडायचं, नीट बसलंय हे तपासायचं आणि प्रूसिक हळूहळू सोडायची. हे आधी जमिनीपासून हातभर उंचीवर करून बघावं. कड्यावर पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

मधला भाग अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीतला. आयगरच्या तयारीसाठी हेमलॉक बोमनकडे जातो. धावतो, घाम गाळतो आणि शेवटी दोघं टोटेम पोल नावाचा सुळका चढतात. मनमाडजवळ रेल्वेतून दिसणारी हडबीची शेंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘हा असा सुळका’ हे लगेच कळेल. फरक दगडाचा. आपला सह्याद्री-सातपुड्याचा बसॉल्ट कठीण असतो, पण थरांमध्ये भुसभुशीत पट्टे लागतात आणि घसारा त्रास देतो. तिकडचा लाल वालुकाश्म मऊ, मेख ठोकली तर भोक झिजून मोठं होतं, पावसानंतर तर धरवतच नाही. नवाहो लोकांच्या त्या पवित्र भूमीत चढाईला परवानगी मिळाली ती एका अटीवर: आधीच्या आरोहकांनी ठोकून ठेवलेल्या मेखा काढून न्यायच्या. सुळक्यावर परवानगीने चढण्याचा तो शेवट ठरला. माथ्यावर ईस्टवूड आणि केनेडी खरोखर बसले आहेत, आणि हेलिकॉप्टरमधून घेतलेलं ते दृश्य आजही डोळे दिपवतं. बोमनने बिअरचे डबे गुपचूप हेमलॉकच्याच पाठपिशवीत घालून वर आणलेले असतात. पट्टीच्या आरोहकांची दोस्ती पटकथेने संवादांपेक्षा इथे जास्त चांगली दाखवली आहे.

तयारीबद्दल मात्र एक आक्षेप आहे. वाळवंटात उन्हातान्हात सुळके चढून बर्फाच्या कड्याची तयारी होत नाही. क्रॅम्पॉनच्या (बुटांना बांधायच्या लोखंडी दात्यांच्या) पुढच्या दातांवर उभं राहणं, बर्फातली कुऱ्हाड, हातमोज्यांनिशी गाठी मारणं, यातलं काहीच त्या भागात नाही. खान्देशातल्या मुलांना हे विशेष सांगावं लागतं, कारण आपला सरावही असाच कोरड्या कातळावरचा. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात दम वाढेल, बर्फाची पकड वाढणार नाही. त्यासाठी मनाली, उत्तरकाशीकडचे अभ्यासक्रमच करावे लागतात.

संगीत जॉन विल्यम्सचं. त्याच वर्षी त्याचं ‘जॉज’ आलं आणि हे मागे पडलं, पण ऐकण्यासारखं आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी, स्पष्टच. स्त्रियांकडे बघण्याची नजर जुनी आणि उथळ आहे. मूळनिवासी तरुणीची भूमिका जवळजवळ शोभेची आहे. खलनायक माइल्सचं समलैंगिक असणं विनोदासाठी वापरलंय, त्याच्या कुत्र्याच्या नावातही शिवी आहे. कृष्णवर्णीय नायिकेच्या नावावरून केलेले शेरे आज ऐकवत नाहीत. नग्नतेचे प्रसंगही आहेत. ही बाजू ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शाळेच्या मुलांना पूर्ण चित्रपट दाखवू नये.

गिर्यारोहण मंडळात दाखवायचा असेल तर सोपा मार्ग असा: मॉन्युमेंट व्हॅलीतली टोटेम पोलची चढाई, नंतर आयगरच्या पायथ्याच्या क्लाइने शाइडेगच्या हॉटेलात तुकडी जमते तिथपासून शेवटपर्यंत. कथा दोन मिनिटांत तोंडी सांगता येते. प्रत रुंद पडद्याची आहे याची आधी खात्री करावी. टीव्हीसाठी कडेने कापलेल्या जुन्या प्रतीत दोराच्या टोकाचा माणूस चौकटीबाहेर जातो, मग कोण कोणाला बिले देतोय तेच कळत नाही. थंडीत शेतात भरीत पार्टीला पांढरं कापड लावून प्रोजेक्टरवर बघणार असाल, तर कापड ताणून बांधा, वाऱ्याने हललं की बर्फातले बारीक आरोहक दिसेनासे होतात. पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका, आणि ड्रॅगनचे प्रसंग तर खुशाल वगळा, त्या लाल काळोखातलं बाहेर काहीच दिसत नाही. उपशीर्षकं लावा, कारण कड्यावरचे संवाद वाऱ्यात बुडतात.

हेरकथेसाठी बघणार असाल तर पाचपैकी दोन तारे. कड्यासाठी साडेचार. अर्धा कापला तो संशयाचे प्रसंग दोरावर आणण्याऐवजी बंद खोल्यांत घालवले म्हणून. दोराचे प्रसंग दाखवताना चित्रपट थांबवून दाखवा, मागे न्या, मुलांना विचारा की आत्ता भार कोणत्या दोरावर आहे. तीनदा विचारल्यावर बरोबर उत्तरं यायला लागतात.