घरफवारणी की औषधी मच्छरदाणी? कोकणातल्या उपकेंद्रासाठी

हिवतापावर घराच्या भिंतींवरची फवारणी आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हे दोन्ही उपाय लागू पडतात, हे संशोधनातून पूर्वीच स्पष्ट झाले आहे. तालुक्याला ठरवायचे असते ते इतकेच, की आपल्या वाड्यांत यांतला कोणता उपाय मुदतभर टिकेल.

फवारणीसाठी डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची २.५ टक्के भुकटी ४०० ग्रॅम, १० लिटर पाण्यात. एवढ्यात ५०० चौरस मीटर भिंत होते, म्हणजे चौरस मीटरला २० मिलिग्रॅम. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर धरायचे. मिनिटाला ७४० ते ८५० मिलिलिटर द्राव यायला हवा. नोझल झिजले की जास्त येतो, भिंतीवर ओघळ उतरतात आणि शेवटची घरे औषधाविना राहतात. असर साधारण १० आठवडे. पहिली फेरी मेच्या मध्यावर धरली तर दुसरी जुलैअखेर येते, आणि पाठोपाठ गणपतीची रंगरंगोटी! औषध रंगाखाली जाते, डास बसतो रंगावर. घरे पहिल्या फेरीआधीच रंगवा म्हणून सांगता येते. भर मेमध्ये ऐकणारे थोडेच. त्यात देवघर आणि स्वयंपाकघर अनेक घरांत फवारूच देत नाहीत.

मच्छरदाणीला या पंचांगाची अडचण नाही. दोन माणसांमागे एक, २० धुण्या किंवा सुमारे ३ वर्षे. वापरण्याआधी २४ तास सावलीत टांगायची, धुतल्यावरही सावलीतच वाळवायची. चिरेखाणीवरचे कामगार आणि आंबा बागेतले राखणदार पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला झोपतात. तिथे फवारायला धड भिंतच नसते. मच्छरदाणीचा खरा शत्रू उकाडा. म्हणून वाटपाच्या सह्या मोजू नयेत, रात्री आत कोण झोपले आहे ते पाहावे.

आमचा कौल मच्छरदाणीला, पण एका अटीवर: आधी तिथल्या डासांवर औषधाची चाचणी व्हावी. दोन्हींतले औषध बहुधा पायरेथ्रॉइडच, म्हणजे डेल्टामेथ्रिनच्याच गटातले असते. डेल्टामेथ्रिन ०.०५ टक्के कागदाशी तासभर संपर्क आल्यावर २४ तासांत ९० टक्क्यांहून कमी डास मेले, तर ते प्रतिकारक धरतात. तसा निकाल आला तर फवारणीचे औषध बदलता येते. मच्छरदाणी मात्र पीबीओ (पायरेथ्रॉइडचा असर वाढवणारे रसायन) किंवा वेगळ्या गटातले दुसरे औषध मिसळलेली मागवावी लागते. या चाचणीचा अहवाल खरेदीच्या प्रस्तावालाच जोडावा, आणि रुग्णदर उपकेंद्रनिहाय काढावा. तालुक्याच्या सरासरीत एखादी पेटलेली वाडी दिसतच नाही.

पडीक चिरेखाणीत काठाच्या दर मीटरला ५ ते १० गप्पी मासे सोडावेत. खाण पावसात ओसंडते आणि एप्रिलमध्ये आटते, त्यामुळे दरवर्षी नव्याने. धूरफवारणी साथीपुरतीच: धूर संध्याकाळचा, आणि हिवतापाचा डास चावतो रात्री.