चावी मिळाली म्हणजे घर मिळालं असं नाही: भाड्याच्या घरातली फसवणूक

उपनगरात भाड्याची घरं कमी आणि शोधणारे जास्त झाले की भामट्यांचं फावतं. बदल्यांचे आणि शाळा सुरू होण्याआधीचे महिने त्यांच्या सुगीचे. बाहेरगावाहून येणाऱ्याला तिथला दर माहीत नसतो, चकरा मारायला सवड नसते आणि राहतं घर सोडायची तारीख डोक्यावर असते. त्याला घर हवं असतं, आणि ‘घर रिकामं आहे’ हे तीन शब्द तो कुणाच्याही तोंडून खरे मानतो.

साधा प्रकार बहुतेकांना ऐकून माहीत असतो. विक्रीला लागलेल्या घराचे फोटो उचलायचे, कोपऱ्यातली संकेतस्थळाची खूण कापून टाकायची, कधी फोटो डावा-उजवा उलटा करायचा म्हणजे इमेज सर्चमध्ये, फोटो टाकून इंटरनेटवर शोधताना, सहज सापडत नाही, आणि भाड्याची जाहिरात टाकायची. मालक परदेशात, चावी कुरिअरने, पैसे आधी. भाडं अर्ध्यावर आणलं तर संशय येतो, म्हणून आजूबाजूच्या दरापेक्षा थोडंच कमी ठेवतात. फोटो उलटा करून, कापून पुन्हा शोधावा. खिडकीबाहेरचं दृश्य सांगितलेल्या मजल्याशी जुळतं का, तेही बघावं.

खरा घात होतो तो घर प्रत्यक्ष दाखवलं जातं तेव्हा. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळतो तसा एक सजवलेला फ्लॅट भामटा पाहुणा म्हणून चार-पाच दिवसांसाठी घेतो आणि एकाच दुपारी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने लोकांना बोलावतो. दार उघडतो, नळ सोडून दाखवतो, पार्किंगची जागा दाखवतो. प्रत्येकाकडून डिपॉझिट घेतो, प्रत्येकाला चावीही देतो. राहायला येण्याची तारीख सगळ्यांना एकच. त्या सकाळी एका दारासमोर तीन-चार कुटुंबं सामानासकट उभी राहतात, आणि आतून दार उघडतो पुढचा पाहुणा.

असा फ्लॅट ओळखता येतो. कपाटात कुणाचंच काही नसतं, पण घड्या घातलेले टॉवेल मात्र असतात. फ्रिजवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला असतो. दाराशी आकडे जुळवून उघडायची चावीपेटी असते. भिंतीवर नियमांचा कागद काढल्याची चिकटपट्टीची खूण असते. असं दिसलं की शेजारचं दार वाजवून विचारावं: इथे कोण राहतं? दोन मिनिटांचं काम आहे, पण संकोचापायी लोक ते टाळतात, आणि पैसे तिथेच बुडतात.

म्हणून घर खरं आहे का, एवढ्यावर थांबू नये. समोरच्या माणसाला ते भाड्याने द्यायचा हक्क आहे का, हे तपासावं. मालमत्ता कराच्या ताज्या पावतीवरचं किंवा मालकीच्या नोंदीवरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्या खातेदाराचं नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. नुसतं वीजबिल पुरत नाही, कारण ते कधीकधी भाडेकरूच्याही नावावर असतं. आणि भाडेकरूच मालक बनून घर देतो, हाही नेहमीचा प्रकार. खातं ‘भावाचं’ किंवा ‘मॅनेजरचं’ असेल तर थांबावं. एजंट असेल तर मालकाचं लेखी अधिकारपत्र मागावं आणि मालकाशी स्वतः बोलावं. इमारतीच्या कार्यालयाचा नंबर आपण शोधून फोन करावा. जाहिरात देणाऱ्याने दिलेल्या नंबरवर त्याचाच साथीदार बसलेला असू शकतो.

लांबून घर घ्यायची वेळ आलीच तर थेट व्हिडिओ कॉल करावा, आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही. इमारतीच्या फाटकापासून सुरुवात, मग दारावरचा क्रमांक, मग कॉल न तोडता आत. मध्येच एखादी अचानक मागणी करावी: गॅलरीत जाऊन खालचा रस्ता दाखवा.

उपलब्धतेच्या बाबतीत जाहिरातदार खरा मालक असूनही माणूस अडकतो. आधीचा भाडेकरू अजून राहत असतो आणि त्याने लेखी नोटीसही दिलेली नसते. घर नेमकं कोणत्या तारखेला रिकामं होणार आणि नाही झालं तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे पैसे देण्याआधी कागदावर आलं पाहिजे.

भाड्याच्या आकड्यातही खोट असते. १२ महिन्यांच्या करारात एक महिना मोफत असेल तर १,२०० चं भाडं जाहिरातीत १,१०० दिसतं, कारण ११ महिन्यांचे पैसे १२ महिन्यांवर पसरलेले असतात. कराराच्या नूतनीकरणात १० टक्के वाढ झाली की ती १,२०० वर धरतात. भाडं १,३२० होतं, म्हणजे मनात धरलेल्या आकड्यापेक्षा थेट २० टक्के जास्त. शिवाय मुदतीआधी घर सोडल्यास ही सवलत परत मागणारं कलम करारात असू शकतं. ‘इतक्यापासून पुढे’ असा दर असेल तर त्या दराचा फ्लॅट क्रमांक विचारावा. क्रमांक मिळाला नाही तर तो फ्लॅट बहुधा नाहीच. पार्किंग, देखभाल, पाणी, अर्जाचं शुल्क हे सगळं मिळवून महिन्याचा एकच आकडा लिहून घ्यावा.

‘आत्ता टोकन टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ यावर माझं मत पक्कं आहे: घर गेलं तरी चालेल, टोकन देऊ नये. रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे माणूस फार विचार न करता देतो आणि नंतर तक्रारही करत नाही. ओळखपत्राची प्रतही इतक्यात पाठवू नये. द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं ‘फक्त या पत्त्याच्या भाडेकरारासाठी’ असं तारखेसह लिहावं, नाहीतर त्याच प्रतीवर पुढच्या माणसासमोर तुम्हीच ‘मालक’ म्हणून उभे केले जाता.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून सकाळची वाट पाहू नये. कार्डने दिले असतील तर व्यवहारावर हरकत नोंदवावी. जाहिरात नाहीशी होण्याआधी तिचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, संभाषण जसंच्या तसं जपावं, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. भामट्याला जाब विचारायला जाऊ नये, तो लगेच सगळं पुसून टाकतो. खऱ्या मालकाचा पत्ता लागला तर त्यालाही कळवावं. आणि त्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन आला, तर तो बहुतेक वेळा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून तुमचं नाव विकत घेतलेल्याचा असतो. तो नंबरही तक्रारीत जोडावा.