लाइट गेल्यावर कोण तगतं? खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी संप, कॅनिस्टर की हँग-ऑन

टाकी आली, मासे अजून आणायचेत आणि फिल्टरपाशी घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. टाकी ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे साधारण १९० लिटरची धरू. दोन क्लाउनफिश आणि थोडे सॉफ्ट कोरल (मऊ अंगाचे प्रवाळ), एवढीच हौस.

दुकानात गेलात की कुठला पंप तासाला किती लिटर ओढतो हे ऐकवतील. पण लाइट आहे तोवर सगळेच पंप गुणी. मी दोनच गोष्टी बघतो: लाइट गेली की काय होतं, आणि साफसफाईचा कंटाळा आला की काय होतं.

गोड्या पाण्याच्या टाकीवरून आलेल्यांचा जीव कॅनिस्टरवर, म्हणजे पाइपांनी टाकीला जोडलेल्या बंद डब्यातल्या फिल्टरवर. आवाज नाही, कपाटात मावतो, काचेला भोक पाडावं लागत नाही. मात्र स्पंजात अडकलेली घाण तिथेच कुजते आणि नायट्रेट चढत जातं. दर दोन आठवड्यांनी उघडून धुणार असाल तरच घ्या. त्यात लाइट काही तास गेली तर बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, आतले कामाचे जिवाणू मरायला लागतात आणि लाइट आल्यावर ते कुबट पाणी थेट माशांच्या अंगावर येतं. मी तरी या टाकीला कॅनिस्टर लावणार नाही.

हँग-ऑन म्हणजे टाकीच्या कडेला मागे लटकणारा. त्यातला साधा स्पंजवाला दोन फुटी टाकीला चालतो, पण आठवड्याला १० टक्के पाणी बदलायची शिस्त हवी. तीन फुटीला लटकवायचाच तर स्किमर लटकवा. डाळ उकळताना वर आलेला फेस आपण पळीने काढून टाकतो ना, स्किमर तेच करतो: बारीक बुडबुड्यांना विरघळलेली घाण चिकटते आणि कुजून तिचा अमोनिया व्हायच्या आत वरच्या कपात जमते. खाऱ्या पाण्यातच इतके बारीक बुडबुडे टिकतात, म्हणून गोड्या पाण्यात हे यंत्र कामाचं नाही. लाइट गेली तर स्किमर नुसता थांबतो, पाण्यात विष सोडत नाही. कप मात्र दोन-तीन दिवसांनी धुवायचा. वास नाकात बसतो.

अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः सच्छिद्र दगडांत राहतात, त्यामुळे खरा फिल्टर दगडच. विकतचे कोरडे दगड घ्या आणि जिवाणू बसेपर्यंत काही आठवडे थांबा. मालवणहून कोरलचे तुकडे मात्र उचलून आणू नका, रीफ बांधणारं कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे.

आता संप. (कामगारांचा नव्हे. टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी. वरचं पाणी ओसंडून तिच्यात उतरतं आणि पंप ते परतीच्या पाइपाने पुन्हा वर चढवतो.) जागा असेल तर माझं मत यालाच. एकूण पाणी वाढतं, हीटर आणि स्किमर नजरेआड जातात, वरच्या टाकीची पातळी ढळत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी संपातच दिसतं. तिथे साधं आरओ पाणी ओतायचं, खारं नाही, कारण मीठ उडून जात नाही.

लाइट गेल्यावर संपाचा धोका वेगळा. पंप थांबला की वरचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं खाली येतं. आपल्या टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरली तर सुमारे ४.२ लिटर पाणी खाली येतं, ३ सेंटीमीटरला साडेबारा. म्हणून परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक असतं, त्यातून हवा शिरली की ओढ तुटते. माझ्या टाकीत त्या भोकात शेवाळ बसलं होतं. जुलैतली रात्र, लाइट गेलेली, पहाटे उठलो तर पायाखालची चटई चिकट आणि कपाटातून थेंब-थेंब गळतंय. खालच्या काकूंच्या छतावर डाग उमटायच्या आत पोचलो, हेच नशीब. तेव्हापासून दर रविवारी त्या भोकात टूथपिक.

संपाचा पंप तासाला ६०० ते १००० लिटरचा पुरे. पाण्याला खेळतं ठेवायचं काम वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीत प्रवाह उठवणाऱ्या पंख्याचं. सॉफ्ट कोरलला टाकीच्या १० ते २० पट, म्हणजे तासाला साधारण २००० ते ४००० लिटर प्रवाह हवा. एका मोठ्याऐवजी समोरासमोर दोन लहान घ्या. एकटा मोठा वेव्हमेकर समोरची वाळू उडवतो आणि दगडांमागे मात्र पाणी साचलेलंच राहतं.

एसी वेव्हमेकर स्वस्त, पण एकाच वेगाने फिरतो. डीसीचा वेग कमी-जास्त करता येतो, आवाजही कमी, आणि बरेचसे बॅटरीवर चालतात. इकोटेकच्या व्होर्टेकसारख्यात मोटर काचेबाहेर असते, त्यामुळे मे महिन्यात पाणी कमी तापतं. किंमत मात्र परवडली पाहिजे. मी म्हणेन, एक एसी आणि एक बॅटरीवर चालणारा डीसी. लाइट नसताना तेवढ्याने पृष्ठभाग हलता राहिला तरी पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो. ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी) ठेवणार असाल तर दोन्हींना जाळी लावा, तो सरकत सरकत पंखात जातो.

वायर प्लगच्या खालून वळसा देऊन वर घ्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही. मासे आणायच्या आधी एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करा, संपात पाणी कुठवर चढतं ते बघा आणि काचेवर मार्करने रेघ मारा. मग पंप चालू असताना संपात पाणी किती ठेवायचं ते त्या रेघेवरून ठरवा. रेघ काठाला टेकत असेल तर पाणी कमी करा.