पाटीवर फक्त प्रश्नचिन्ह

सर्बियातल्या बेलग्रेडच्या क्राल्या पेत्रा रस्त्यावरच्या एका जुन्या खाणावळीची पाटी बघून माझा हात सवयीनं पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. पाटीवर अक्षर एकही नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. पुण्यात 35 वर्षं मुद्रितं तपासली आहेत. एकटं विरामचिन्ह दिसलं की मागचा मजकूर गळला, असंच मी धरून चालते. पण हे या जागेचं नावच आहे.

घर 1823 चं. 1892 मध्ये मालकानं समोरच्या मुख्य चर्चवरून ‘कोद साबोर्ने त्स्र्क्वे’, म्हणजे ‘चर्चपाशी’, असं नाव ठेवलं. दारूच्या गुत्त्याला देवाचा पत्ता कसला, म्हणून चर्चवाले बिथरले. मालकानं पाटी उतरवली आणि तात्पुरतं ‘?’ लावलं. ते अजून तात्पुरतंच आहे.

अशा जागेला तिथे ‘काफाना’ म्हणतात. मूळ शब्द कहवाखाना, म्हणजे आपल्या दवाखान्याचा आणि कारखान्याचा चुलतभाऊच. तुर्की अमलाच्या शतकांतून हा ‘खाना’ तिकडे पोचला. दुकानाला ‘दुचान’, साबणाला ‘सापुन’, खिशाला ‘जेप’ आणि चहाला चक्क ‘चाय’ म्हणतात. मी ऐकत होते आणि लेक म्हणत होती, “आई, आता कोश लिहायला बसू नकोस.”

कोश लिहिणारा समोरच निजलेला आहे. चर्चच्या दारापाशी सर्बियन भाषेचा कोशकार आणि लिपीसुधारक वुक काराजिच आणि लेखक दोसितेय ओब्रादोविच यांची थडगी आहेत. वुक 1864 मध्ये व्हिएन्नात वारला, त्याच्या अस्थी 1897 मध्ये इथे आणल्या. सकाळी आम्ही ज्या पायी सहलीचे पैसे भरले होते, तिच्या गाइडनं ही दोन थडगी दोन मिनिटांत उरकली आणि आम्हाला आइस्क्रीमच्या दुकानाकडे नेलं. त्या सहलीला मी एकही तारा देणार नाही. दुपारी आम्ही आपल्या आपण परत आलो, थडग्यांपाशी निवांत उभ्या राहिलो आणि मग रस्ता ओलांडून इथे जेवायला बसलो. तुम्हीही याच क्रमानं जा.

आत छत ठेंगणं, मेजं त्याहून ठेंगणी, बसायला तिवया. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून बसावं. बसणं जमतं, उठताना कुणाचा तरी हात लागतो.

मी शाकाहारी, त्यामुळे जाळीवर भाजलेल्या ‘चेवापी’चं (खिम्याच्या छोट्या सुरळ्यांचं) मत लेकीकडून घेतलं: कडेनं खरपूस, आत रसदार, सोबत चिरलेला कच्चा कांदा. शाकाहाऱ्यांनी तिथे एकच शब्द पाठ करावा: ‘पोस्नो’, म्हणजे उपवासाचं. त्यात मासे मात्र चालतात, तेवढं विचारून घ्यावं. मला ‘प्रेब्रानात्स’ मिळालं. मोठे पांढरे घेवड्याचे दाणे, भरपूर कांदा, लाल मिरचीची गोडसर पूड, सगळं मातीच्या भांड्यात भट्टीत मुरलेलं. कांदा घातलेलं आणि तरी उपवासाचं! माझ्या सासूबाई असत्या तर पान सोडून उठल्या असत्या. मी भांडं पावानं पुसून खाल्लं. तिखट मात्र नाही, पिशवीत चटणीची पुडी असू द्या.

मेनू वाचताना माझी खरी करमणूक झाली. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षरावर भागवतो. सर्बियनमध्ये त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, शिवाय ‘चेवापी’तल्या मवाळ च ला तिसरं. जसं बोलता तसं लिहा, एका ध्वनीला एकच अक्षर, हा वुकचा हट्ट. 1818 मध्ये व्हिएन्नात त्यानं सव्वीस हजारांवर शब्दांचा कोश छापला, तोही खेडुतांच्या बोलीचा. (आपला मोल्सवर्थ यायला अजून 13 वर्षं होती.) त्यात शिव्याही होत्या, 1852 च्या आवृत्तीत त्या गाळल्या. पण ओरडा जास्त झाला तो सिरिलिक लिपीत लॅटिनमधून उचलून आणलेल्या j या एका अक्षरावरून. ऑर्थोडॉक्स धर्माधिकाऱ्यांना त्यात कॅथलिक कावा दिसला. सर्बियात त्याच्या लेखनपद्धतीवरची बंदी पुरती उठली 1868 मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी. आमच्याकडे 1962 च्या नियमांनी अनुस्वार काढले तेव्हाची भांडणं मी ज्येष्ठांकडून ऐकली आहेत, त्यामुळे हे सगळं घरचंच वाटलं.

लेकीची एक झाग्रेबची मैत्रीण सोबत होती. तिनं ‘कावा’, म्हणजे कॉफी, मागितली. वेटरनं हसून आत आवाज दिला, “त्री काफे!” क्रोएशियात कावा, इथे काफा. पाव तिचा ‘क्रुह’, यांचा ‘ह्लेब’. बाकी दोघं अर्धा तास दुभाष्याशिवाय बोलत होती. 1850 मध्ये व्हिएन्नात वुक आणि क्रोएशियन लेखक इवान माझुरानिच यांच्यासह काही मंडळींनी दोघांची साहित्यभाषा एकच असावी म्हणून करारावर सह्या केल्या होत्या. त्यावर मैत्रीण म्हणाली, “सह्या व्हिएन्नात झाल्या, भांडणं घरी.”

कॉफी तांब्याच्या दांडीच्या भांड्यातून येते, तळाशी गाळ, बाजूला ‘रात्लुक’ची साखर माखलेली वडी. इथे मी वुकची चूक काढली. मैत्रिणीला ‘ग्राद’ दोनदा म्हणायला लावलं: आ लांबवला की शहर, आखडला की गारा. लिहायचं मात्र एकसारखंच! म्हणजे जसं बोलता तसं कुठं लिहिलं? आमच्याकडे दिन आणि दीन यांची गल्लत झाली असती तर माझी नोकरी गेली असती.

तिनं खांदे उडवले. “वाक्यावरून कळतं की.”

निघताना वेटरला बक्षीस ठेवलं. त्यालाही ते ‘बाक्शिश’च म्हणतात, आणि त्यातला शि ऱ्हस्व की दीर्घ, हे लिहिताना कुणीच विचारत नाही.