चौकातला प्रयोग, कचऱ्याचा कोपरा की पुलाखालची बाग? तरुण मंडळांसाठी तुलनात्मक आढावा

परिसरातील एखादी सार्वजनिक जागा सुधारण्याचे तरुणांच्या मंडळाने ठरवले, की पुढे साधारणपणे तीन वाटा दिसतात. रंग, शंकू आणि कुंड्या वापरून चौकाची मांडणी काही दिवसांसाठी बदलून पाहता येते, ज्याला टॅक्टिकल अर्बनिझम म्हणतात. कचरा साचणारा कोपरा स्वतःच्या हातांनी साफ करून राखता येतो. किंवा महापालिकेकडे पाठपुरावा करून कायमस्वरूपी काम करून घेता येते. निवड करताना माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा: नेमका कोणता बदल हवा, हे ती जागा रोज वापरणाऱ्यांना आधीच पटलेले आहे का?

पटलेले नसेल, तर चौकातला प्रयोग हाती घ्यावा, कारण वाद कागदावर मिटत नाहीत, रस्त्यावर प्रत्यक्ष पाहिल्यावर मिटू शकतात. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांसाठी बंद ठेवला, तेव्हा गर्दीच्या बाजारपेठेत निवांत चालणे कसे असते, हे लोकांना एका दिवसात अनुभवता आले. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेचा भाग वाहनांना बंद करून तिथे साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या, टॅक्सींच्या जीपीएस नोंदींवरून वाहतुकीचा वेग तपासला गेला आणि पुढच्या वर्षी तो बदल कायम करण्याचा निर्णय झाला. प्रयोगाचे खरे मोल या मोजणीत आहे, आणि तरुणांचे बळ इथेच सर्वाधिक उपयोगी पडते. किती माणसे रस्ता ओलांडतात, त्यांना किती वेळ थांबावे लागते, त्यांत मुले आणि ज्येष्ठ किती, याची नोंद प्रयोगाआधी आणि प्रयोगादरम्यान त्याच वारी, त्याच वेळेला घ्यावी लागते. मोजणी करायची नसेल, तर हा पर्याय सोडून द्यावा.

या वाटेला महापालिका आणि वाहतूक पोलीस या दोघांचीही परवानगी लागते. परवानगीशिवाय झेब्रा पट्टे मुळीच रंगवू नयेत, कारण पादचारी त्यांवर विश्वास ठेवून रस्त्यात उतरतो आणि वाहनचालक मात्र थांबतोच असे नाही. ओल्या रंगावरून दुचाकी घसरण्याचा धोका असल्याने पावसाळा टाळणेच बरे. फेरीवाल्यांना सर्वांत आधी भेटावे. २०१४ च्या कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलेले आहे, आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली कोणाची रोजीरोटी हिरावली गेली, तर ते काम माझ्या लेखी फसलेलेच ठरते.

कोपऱ्याचे काम याहून लवकर उभे राहते. बेंगळुरूमधील ‘द अग्ली इंडियन’ हा नाव न सांगता काम करणाऱ्या नागरिकांचा गट काही तासांत जागा झाडून, भिंत रंगवून, कुंड्या किंवा बाक ठेवून जातो. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्यांचे ब्रीद आहे. तिथे कचरा कोण टाकतो, कधी टाकतो आणि का टाकतो, याचे निरीक्षण झाल्याशिवाय मात्र भिंत रंगवून फारसे काही साधत नाही. घंटागाडीची वेळ लोकांना सोयीची नसेल, तर आधी ती बदलून घ्यावी लागेल.

बदल सर्वांना पटलेला असेल आणि जागाही ठरलेली असेल, तर तात्पुरत्या रंगात शक्ती घालवू नये. मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली पार्किंग आणि अतिक्रमण नको, यासाठी रहिवाशांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २०१६ साली महापालिकेची नानालाल मेहता बाग तिथे खुली झाली. तिच्यातील सुमारे ६०० मीटरची पायवाट नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराची आहे. पुण्यातील मंडळांना नागरिकांच्या सहभागातून तयार होणाऱ्या अंदाजपत्रकाचाही मार्ग आहे, ज्यात २००६ पासून प्रभागातील छोटी कामे सुचवता येतात.

दहाबारा महाविद्यालयीन मुलामुलींच्या नव्या गटाला मी कोपऱ्यापासून सुरुवात करायला सांगेन. काम सुरू करण्यापूर्वी पुढच्या तीन महिन्यांचे, परीक्षेचे आठवडे धरून, देखभालीचे पाळीपत्रक लिहावे, आणि त्यात प्रत्येक आठवड्यापुढे दोन नावे भरता येत नसतील, तर आणखी लहान कोपरा निवडावा.