कॅपॅबिलिटी कर्नलवर स्क्रीन कुणाच्या हाती द्यावी?

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कॅपॅबिलिटीचा, म्हणजे प्रत्येक अधिकार वेगळ्या किल्लीसारखा हातात देणारा घेतला की प्रोग्रॅमला हातात दिलेल्या किल्ल्यांपलीकडचं काहीच उघडता येत नाही. पण त्यावर एक्स११ (युनिक्स-लिनक्सवरची जुनी विंडो सिस्टिम) चढवलंत तर ही शिस्त स्क्रीनपाशी येऊन मोडते. एकदा करून बघा: एक्स११ वर एका टर्मिनलमध्ये ‘एक्सइनपुट टेस्ट-एक्सआय२ --रूट’ चालू ठेवा आणि दुसऱ्यात सुडोचा (ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या कमांडचा) पासवर्ड टाका. सुडो एक अक्षर दाखवत नाही, शेजारी मात्र दाबलेल्या प्रत्येक कीचा क्रमांक पडत राहतो. १९८७ च्या या प्रोटोकॉलने स्क्रीनवरचे सगळे प्रोग्रॅम घरचेच मानले होते. जुनी ॲप्स हवीतच असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र एक्स सर्व्हर द्या. पाया म्हणून तो नको.

एक्स११ ची जागा घेणारा वेलँड (२००८ पासून) बराच बरा. एका ॲपला दुसऱ्याची विंडो किंवा की दिसत नाही. अडचण अशी की कंपोझिटर (सगळ्या विंडो जुळवून स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम) कोणते अधिकार देतो त्याची यादी येईल त्याच्यापुढे ठेवतो. स्वे या कंपोझिटरवर ग्रिम हे साधन न विचारता स्क्रीनशॉट घेतं, ते यामुळेच. शिवाय गनोम या लिनक्स डेस्कटॉपमध्ये कंपोझिटर आणि डेस्कटॉपचा शेल (पट्ट्या, मेनू वगैरे) एकाच प्रोसेसमध्ये. एवढा सगळा कोड विश्वासू धरायचा?

ड्रेस्डेनमधल्या फेस्के आणि हेल्मुथ या संशोधकांचं निटपिकर (२००५, स्क्रीन सांभाळणारा छोटा सर्व्हर) इथे मला सगळ्यात पटतं. जेनोड या कॅपॅबिलिटीवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते पुढे वापरात आलं. मूळ कोड सुमारे १,५०० ओळींचा, कारण त्याला बटणं, फॉन्टची हौस, विंडोच्या चौकटी यातलं काही कळतच नाही. ॲप आपल्या बफरमध्ये (मेमरीच्या तुकड्यात) चित्र काढतं, निटपिकर ते फक्त जागेवर मांडतं. खोट्या पासवर्ड-खिडकीवर त्याचा उपाय म्हणजे एक राखीव की, जी कुठल्याही ॲपपर्यंत पोचत नाही. ती दाबली की फोकस नसलेल्या विंडो मंद होतात आणि प्रत्येकीवर लेबल उमटतं. ॲपला स्वतःचं बारसं करता येत नाही. लेबल त्याला सुरू करणारा ठरवतो. जेनोडमध्ये बफरची मेमरीही ॲपच्याच खात्यातून जाते, त्यामुळे हजार विंडो उघडून सर्व्हरला उपाशी मारता येत नाही.

इरॉस या कॅपॅबिलिटीवाल्या ऑपरेटिंग सिस्टिमची विंडो सिस्टिम (२००४, ४,५०० ओळींच्या आत) कॉपी-पेस्टमध्ये सरस आहे. पेस्टच्या बटणावर सर्व्हरची अदृश्य विंडो असते. क्लिक आधी तिला कळतो, त्यामुळे पेस्ट खरंच माणसाने केलं हे सर्व्हरला ठाऊक असतं. क्लिपबोर्डवर टपून बसायला वावच नाही.

नव्याने बांधत असाल तर गाभा निटपिकरसारखा ठेवा, क्लिपबोर्डची रीत इरॉसची घ्या, आणि वेलँड लागलंच तर ते एका ॲपगटापुरतं वरच्या थरात चालवा. टचस्क्रीनसाठी बनवत असाल तर राखीव कीच्या जागी काय, हे हार्डवेअर ठरण्याआधी पक्कं करा: बाजूचं एखादं बटण, नाहीतर कोणत्याच ॲपला न मिळणारी स्क्रीनची वरची पट्टी.