क्लिअरिंग हाउस आणि प्रास

मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे कवी अरुण कोलटकर यांची पुस्तकं मुंबईच्या दोन छोट्या प्रकाशनांनी काढली. १९७६ची ‘जेजुरी’ क्लिअरिंग हाउसची. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि खुद्द कोलटकर, असा कवींनीच चालवलेला हा इंग्रजी कवितेचा उपक्रम. मुखपृष्ठंसुद्धा कोलटकरांच्या हातची! ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला, तरी पुढे काही वर्षांत उपक्रम थांबला.

दुसरं प्रकाशन प्रास, म्हणजे ते चालवणारे अशोक शहाणे. कोलटकरांचा १९७७चा पहिला मराठी संग्रह त्यांनी काढला, २००३ची ‘भिजकी वही’ही त्यांनीच. मधली सव्वीस वर्षं कोलटकरांचा नवा मराठी संग्रह नाही, तरी प्रकाशक तोच. २००४मध्ये, कोलटकरांच्या अखेरच्या आजारपणात, इंग्रजी ‘काळा घोडा पोएम्स’ही प्रासनेच काढलं. माझं झुकतं माप प्रासला. कवीच्या सवडीने चालणारा प्रकाशक मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला येतो.